हशा कुठे पिकला, कोणी पिकवला : परिषदेत पहिल्यांदा निबंध मांडणाऱ्यांसाठी

आमच्या गटातल्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचं परिषदेतलं पहिलंच सादरीकरण होतं. वेळ १५ मिनिटं, समोर ६०-७० माणसं. सहाव्या स्लाइडवर आलेख होता. चाळीसेक बिंदू एका रेषेला धरून चाललेले आणि एक बिंदू पार वरच्या कोपऱ्यात, एकटाच. ती म्हणाली, "हा एक बिंदू आम्ही विश्लेषणात धरलेला नाही." मागच्या रांगांत खसखस पिकली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. पुढच्या दोन स्लाइड तिने एक शब्दही न बोलता पुढे ढकलल्या, निष्कर्ष भराभर वाचला आणि ४ मिनिटं शिल्लक असतानाच "धन्यवाद" म्हणून खाली आली. दाराबाहेर पडताच म्हणाली, "मॅडम, ते मला हसले."

मी चौथ्या रांगेत होते आणि मान वळवली की हसणाऱ्यांचे चेहरे मला दिसत होते. असा एखादा हट्टी बिंदू ज्यांच्या स्वतःच्या आलेखात कधीतरी येऊन बसलाय, ज्यांनी त्याच्यापायी रात्री घालवल्यात, त्यांचं ते हसू होतं. मधल्या सुट्टीत त्यातले दोघं तिला शोधत आले. तो बिंदू कुठून आला असावा, याबद्दल त्यांना बोलायचं होतं. ती तोवर खोलीवर निघून गेली होती.

तेव्हापासून गटात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मी स्लाइड कशा कराव्यात हे सांगण्याआधी हशा कसा ऐकावा ते सांगते. परिषदेतला हशा हा निकाल असतो, असं नवख्यांना वाटतं. बहुतेक वेळा तो निकाल नसतो. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणारे हुंकार देतात, तसा सभागृहाने एकत्र दिलेला तो हुंकार असतो. त्याचा अर्थ लावायला तीन गोष्टी पाहाव्या लागतात: हशा कशानंतर आला, कोणाकडून आला आणि तो विरल्यावर काय झालं. पुढच्या पायऱ्या याच तीन गोष्टींसाठी आहेत.

पायरी १ : आधी दुसऱ्यांच्या सत्रात वही घेऊन बसा

आपलं सादरीकरण ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या दिवशी निदान दोन पूर्ण सत्रं ऐका. विषय आपला नसला तर उत्तमच, कारण मग मजकुरात गुंतून न पडता खोलीकडे लक्ष देता येतं. हशा आला की घड्याळातली वेळ लिहा, त्याच्या लगेच आधीचं वाक्य लिहा, आणि हसू कसं होतं ते एका शब्दात लिहा.

या शेवटच्या कामाला आपली भाषा फार उपयोगी पडते. खसखस पिकणं वेगळं आणि हास्याचा स्फोट वेगळा. गालातल्या गालात हसणं, खुदकन हसणं, फिस्सकन हसू फुटणं, फिदीफिदी हसणं, कसनुसं हसणं, ओशाळं हसणं, कुत्सित हसणं: यातला प्रत्येक शब्द आवाजासोबत नातंही सांगतो. 'कसनुसं' म्हटलं की हसणाऱ्याला आतून अवघडल्यासारखं झालंय हे आलंच. 'हशा' एवढंच लिहून पुढे गेलात, तर रात्री वही उघडल्यावर हाती काही लागणार नाही.

आपल्याकडे हे बारकाईने बघणं जुनं आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. स्मितात दात दिसत नाहीत, आवाज नसतो. अतिहसितात माणूस कुशी धरून हसतो. अपहसिताचं वर्णन मला परिषदेत बसल्यावर हमखास आठवतं: अस्थानी, म्हणजे नको त्या जागी आलेलं, डोळ्यांत पाणी आणणारं हसू. हसू केवढं आहे याच्या जोडीला ते कुठे आलं हेही तिथे मोजलं गेलंय, आणि आपल्या कामाला नेमकं तेच हवंय.

दोन सत्रांच्या नोंदी झाल्या की एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. हशाच्या आधीच्या वाक्यांत विनोद फारच थोडे असतील. "ही स्लाइड जरा गर्दीची आहे", "आम्हाला वाटलं होतं हे दोन महिन्यांत होईल", "वेळ संपत आली असं दिसतंय", अशीच वाक्यं निघतील. यात नवल नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांसह सार्वजनिक जागी चाललेल्या गप्पांतले हसण्याचे १,२०० प्रसंग टिपले होते. १९९३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यातल्या विसांतल्या चारांहूनही कमी प्रसंगांत आधी विनोदासारखं काही होतं. बाकीचं सगळं हसू "बरं, मी निघतो" या जातीच्या साध्या वाक्यांवर होतं. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो, हेही त्यांना दिसलं. आणि एकट्याने असतानापेक्षा सोबतीत माणूस सुमारे ३० पट अधिक हसतो, असं त्यांच्या आणखी एका अभ्यासातून निघालं. हसू हे मुळात सोबतीचं काम आहे. सभागृहात तर सोबतच सोबत असते.

पायरी २ : हशा कशानंतर आला ते धरून ठेवा

नुसत्या आवाजावरून अर्थ लावायला गेलात तर फसाल. आधीचं वाक्य हीच किल्ली. त्यातही वाक्याचा शेवट.

गेल जेफरसन या संशोधिकेने माणसांची संभाषणं ध्वनिमुद्रित करून हसण्याचा प्रत्येक 'ह' आणि प्रत्येक श्वास कागदावर उतरवायची पद्धत घालून दिली. १९७९ च्या निबंधात त्यांनी दाखवलं की बोलणारा वाक्याच्या शेवटी स्वतः जरासा हसतो, तेव्हा ते समोरच्याला दिलेलं आमंत्रण असतं. समोरचा ते स्वीकारतो किंवा गंभीर राहून विषय पुढे नेतो, म्हणजे आमंत्रण नाकारतो.

परिषदेत हे सतत घडतं आणि नवखे त्यात नकळत अडकतात. घाबरलेला माणूस वाक्याच्या शेवटी "हं हं" करतो. त्याला हसवायचं नसतं, जीव हलका करायचा असतो. श्रोते मात्र सभ्य असतात, आमंत्रण आलं की स्वीकारतात. मग "आमच्या नमुन्यात फक्त १८ जण होते, हं हं" या वाक्यावर खोली हलकेच हसते आणि बोलणाऱ्याला वाटतं, १८ आकड्याला हसले. हसायला बोलावलं होतं त्यानेच.

जेफरसन यांचा १९८४ चा निबंध याच्या उलट बाजूचा आहे. माणूस स्वतःची अडचण सांगताना हसतो, तेव्हा ऐकणारा बहुधा हसत नाही. सांगणाऱ्याचं हसू 'मी निभावून नेतोय' असं म्हणतं आणि ऐकणाऱ्याचं गंभीर राहणं 'तुझी अडचण मला कळली' असं म्हणतं. हे समजलं की व्यासपीठावरची एक मोठी भीती जाते. तुम्ही म्हणालात, "प्रयोगाच्या मध्यावर यंत्रच बंद पडलं," स्वतः हसलात, आणि समोर शांतता. आपलं वाक्य पडलं, असं तेव्हा वाटतं. पण ती शांतता बहुतेकदा आदराची असते. त्या शांततेत दोन-चार माना हललेल्या दिसतील, त्या बघा.

पायरी ३ : हशाचा पोत ओळखा

सर्वांत आधी *सुरुवातीचं हसू*. सत्राध्यक्षांनी नावाचा उच्चार चुकवला, माइक खाली-वर केला, "सगळ्यांना मागे ऐकू येतंय ना?" झालं, की लोक हसतात. या हसण्याला फारसा अर्थ नसतो. बसायची जागा नीट करून घेतल्यासारखं ते आहे. त्यावरून दिवस चांगला जाणार की वाईट, हे ठरवू नका.

मग *सुटकेचं हसू*. प्रोजेक्टर बंद पडतो, चित्रफीत अडकते, पडद्यावर भलतीच फाइल उघडते. खोलीत ताण साचतो, कारण बोलणाऱ्याची फजिती समोर बसलेल्यालाही बघवत नाही. चित्र परत आलं की हशा येतो. साचलेली शक्ती हसण्यातून वाट काढते, ही कल्पना इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६० साली मांडली होती. तिला आज मर्यादा आहेत, पण बिघडलेला प्रोजेक्टर सुरू होताना तिची आठवण येतेच. हा हशा तुमच्या बाजूचा असतो. खोली आत्ताच तुमच्यासोबत एका छोट्या संकटातून बाहेर पडलेली असते. पुढचं महत्त्वाचं वाक्य याच क्षणी म्हणा, ते नीट ऐकलं जातं.

तिसरं *ओळखीचं हसू*, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे. परिषदेतलं सर्वांत मोलाचं आणि सर्वांत जास्त वेळा गैरसमज होणारं हसू हेच.

२००७ साली अमेरिकन असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्सच्या वार्षिक बैठकीत विनोदाला वाहिलेल्या एका सत्रात डग झाँकर या संगणकशास्त्रज्ञाने निबंध सादर केला. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत 'चिकन' हा एकच शब्द होता. स्लाइडचं शीर्षक चिकन, मुद्दे चिकन, आकृतीतल्या चौकटींत चिकन, आलेखाच्या दोन्ही अक्षांवर चिकन. त्याचा सूर मात्र खऱ्या सादरीकरणाचा होता: मुद्दा मांडताना किंचित थांबणं, आलेखावरच्या एका रेषेकडे बोट दाखवणं, पुढच्या भागाकडे वळताना आवाज बदलणं. लोक हसून हसून बेजार झाले. ऐकण्यासारखा मजकूर शून्य होता. सगळेजण ज्या साच्यात वर्षानुवर्षं बोलत आणि ऐकत आलेत, तो साचा त्यांना पहिल्यांदा उघडा दिसला, म्हणून ते हसले.

एरवीच्या सत्रांतही असंच चालतं, फक्त लहान प्रमाणात. "दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या सूचनेवरून आम्ही हे विश्लेषण वाढवलं" एवढं म्हटलं की हशा येतो, कारण निबंध छापण्याआधी तो तपासणाऱ्यांतला हट्टी दुसरा रिव्ह्यूअर प्रत्येकाला कधी ना कधी भेटलेला असतो. "हे पुढच्या कामात पाहू", "हा डेटा मागितल्यावर मिळेल असं लेखकांनी लिहिलंय", "कोड दुसऱ्या मशीनवर चालला नाही", यावरही तेच. आमच्या विद्यार्थिनीचा एकटा बिंदू याच वर्गातला. हसणारा म्हणत असतो, मीही इथे उभा होतो. हे हसू म्हणजे बिरादरीत घेतल्याची खूण आहे. परिषदेला पहिल्यांदा आलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

ते ओळखायचं कसं? ओळखीचं हसू खोलीत ठिकठिकाणी एकाच वेळी फुटतं. ते वाक्य संपता संपता येतं, कधी शेवटचा शब्द उच्चारला जाण्याआधीच येतं, कारण ऐकणाऱ्याला वाक्य कुठे चाललंय हे आधीच कळलेलं असतं. हसताना लोक बोलणाऱ्याकडे किंवा पडद्याकडे बघतात आणि माना हलवतात. विषयाबाहेरचे लोक हसत नाहीत, किंवा एक क्षण उशिरा हसतात. हे अंतरही नोंदवा. तुमच्या कामाचे खरे श्रोते खोलीत कुठे बसलेत, ते त्यावरून कळतं.

*आश्चर्याचं हसू* दुर्मीळ आहे. आलेख उघडतो, दोन खांब सारखे असतील असं सगळ्यांनी धरलेलं असतं, आणि एक खांब दुसऱ्याच्या पाचपट निघतो. आधी क्षणभर निःशब्दता, मग हसू. ताणून धरलेली अपेक्षा एकाएकी विरून जाते तेव्हा हसू येतं, असं जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांनी १७९० मध्ये लिहिलं होतं. इथे अपेक्षा मोडते आणि तिच्या जागी काहीतरी मोठं येतं. या हसण्यात कौतुक आणि अविश्वास दोन्ही मिसळलेले असतात आणि कोणतं किती, हे तेव्हाच सांगता येत नाही. प्रश्नोत्तरांत पहिला हात वर होईल तो याच आलेखावर. मोजमाप कसं केलं ती स्लाइड शेवटी राखून ठेवा.

*घसरलेल्या शब्दाचं हसू*: जीभ अडखळली, उच्चार चुकला, परक्या भाषेत एका शब्दाचा दुसरा अर्थ निघाला. हे चटका लावून जातं, विशेषतः आपल्या भाषेबाहेर बोलावं लागणाऱ्यांना. इथे श्रोत्यांची जबाबदारी मोठी आहे असं मला मनापासून वाटतं. तुम्ही व्यासपीठावर असाल तर शब्द दुरुस्त करा आणि पुढे चला, बस. खुलासा नको, क्षमायाचना नको.

शेवटी *कुचेष्टेचं हसू*. नवखे सगळ्यात जास्त घाबरतात ते याला, आणि प्रत्यक्षात ते सगळ्यात कमी आढळतं. त्याचा आवाज लहान असतो, एखाद-दुसऱ्या खुर्चीपुरता. हसणारे बोलणाऱ्याकडे बघत नाहीत, एकमेकांकडे बघतात. ते पसरत नाही, आणि वाक्याच्या शेवटाशीही त्याचा मेळ नसतो. हे सगळे धागे जुळले तर हसू कुत्सित आहे असं माना. एक जरी सुटला, तरी दुसरा अर्थ शोधा.

पायरी ४ : चेष्टेच्या आत प्रश्न आहे का ते तपासा

१ मार्च १८६६. लंडनच्या केमिकल सोसायटीत जॉन न्यूलँड्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ निबंध मांडत होते. मूलद्रव्यं अणुभाराच्या क्रमाने लावली तर दर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं वागतं, जसा सप्तकात आठवा स्वर पुन्हा पहिल्याशी येऊन मिळतो, असं त्यांचं म्हणणं. चर्चेत प्राध्यापक कॅरी फॉस्टर यांनी गमतीने विचारलं: मूलद्रव्यं नावाच्या आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिलीत का?

हा टोमणा रसायनशास्त्राच्या इतिहासात कायमचा राहिला. सोसायटीने तो निबंध छापला नाही. तीन वर्षांनी, १८६९ मध्ये, मेंडेलीव्ह यांची आवर्तसारणी आली आणि १८८७ मध्ये रॉयल सोसायटीने न्यूलँड्स यांना डेव्ही पदक दिलं. ही गोष्ट नेहमी 'हसणारे चुकले' अशा शेवटाने सांगतात. मला मात्र नवख्यांना तिचा दुसरा भाग सांगायचाय. फॉस्टर नुसते चेष्टा करून थांबले नव्हते. कुठलीही मांडणी केली तरी काही योगायोग जुळतातच, हा त्यांचा मुद्दा होता. आणि या सारणीत मँगनीज क्रोमियमपासून, लोह निकेल-कोबाल्टपासून दूर पडतं, हेही त्यांनी दाखवलं. दोन्ही आक्षेप खरे होते. न्यूलँड्स यांच्या सारणीत अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा नव्हत्या. मेंडेलीव्ह यांनी त्या सोडल्या.

म्हणून प्रश्नोत्तरांत कोणी चेष्टेच्या सुरात काही विचारलं आणि खोली हसली, तर हसू ओसरू द्या आणि आतला प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडा: "तुमचा प्रश्न असा समजते मी, की दुसऱ्या क्रमाने मांडणी केली तरी हाच आकृतिबंध दिसला असता का. तो आम्ही असा तपासला." तपासलेला नसेल तर तसं सांगा. चेष्टा तिथेच संपते, कारण पुढचं बोलणं मुद्द्यावर होतं. आत प्रश्नच नसेल, तर "याबद्दल सत्रानंतर बोलू" म्हणून सत्राध्यक्षांकडे बघा. वेळ आणि सभ्यता राखणं हे त्यांचं काम आहे. चांगले अध्यक्ष ते करतात.

पायरी ५ : कोण हसलं नाही तेही पाहा

रोझ कोझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका मनोरुग्णालयातल्या सहकाऱ्यांच्या बैठकांमधलं हसणं अभ्यासलं आणि १९६० मध्ये त्यावर निबंध लिहिला. वरिष्ठ डॉक्टर विनोद जास्त करत, आणि विनोद वरून खाली वाहत असे. कनिष्ठांनी समोर बसलेल्या वरिष्ठाला एकदाही विनोदाचं लक्ष्य केलं नाही. परिषदेतही नामवंत प्राध्यापकाच्या साध्याशा वाक्यावर सभागृह दणाणतं आणि तेच वाक्य विद्यार्थ्याने म्हटलं तर पहिली रांग फक्त स्मित करते. त्यामुळे मोठ्या नावांना मिळालेल्या हशाशी आपला हशा ताडून पाहू नका.

सौजन्याचं हसू आणि आतून आलेलं हसू डोळ्यांवरून वेगळं करता येतं. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ मध्ये लिहिलं की ओठांचे स्नायू इच्छेने हलतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाला साथ देतो. आज आपल्याला माहीत आहे की काहीजणांना तोही इच्छेने हलवता येतो, तेव्हा एकाच चेहऱ्यावरून निवाडा करू नये. सगळी रांग बघा.

विनोद कोणा अनुपस्थित माणसावर, एखाद्या समूहावर किंवा खोलीतल्या सर्वांत कनिष्ठ माणसावर असेल, तर हशा आला तरी तो ऐकताना न हसलेल्यांकडे बघा. त्यांच्या गप्प बसण्यात जास्त माहिती असते. आणि तुम्ही स्वतः श्रोत्यांत असाल तर हसायला बांधलेले नाही आहात. वरिष्ठांसमोर हे अवघड आहे हे मला ठाऊक आहे. वहीत बघणं कोणालाही जमतं.

पायरी ६ : व्यासपीठावर हशा आला की

थांबा. हशा दोन-तीन सेकंदांचा असतो, क्वचित पाच. १५ मिनिटांच्या भाषणात असे सहा हशे आले तरी सगळे मिळून अर्धं मिनिटसुद्धा जात नाही. हशावर बोलत राहिलात तर पुढचं वाक्य कोणाला ऐकू जात नाही, आणि लोक ऐकण्यासाठी हसू आवरतात. दोन्हीकडून तोटा.

हसू वर चढतं, टिकतं, मग उतरतं. उतरणीला लागलं की बोलायला सुरुवात करा, पूर्ण शांततेची वाट पाहू नका. सुरुवात हशाच्या आधीच्या शेवटच्या कामाच्या शब्दाने करा. "तर हा बिंदू..." असं म्हटलं की धागा तुमच्या हातात परत येतो.

हशा का आला हे कळलंच नाही तर आधी मागे वळून पडदा बघा. निम्म्या वेळा कारण तिथे असतं: संगणकाने वर आणलेली सूचना, आलेखाचं उलटं पडलेलं चित्र, मोठ्या अक्षरांतली चूक. तिथे काही नसेल तर सरळ विचारा, "माझ्या नजरेतून काही सुटलं का?" साधेपणाने विचारलेल्या या प्रश्नाला लोक चांगलं उत्तर देतात. विचारायचा धीर नसेल तर स्मित करून पुढे जा.

आलेल्या हशावर लगेच दुसरा विनोद रचू नका. पहिला सहज आलेला असतो, दुसरा ओढून आणलेला दिसतो.

पायरी ७ : मुद्दाम हसवायचं का?

पहिल्या सादरीकरणात नको, असं माझं मत. हसवण्यासाठी लिहिलेलं वाक्य हशा आला नाही तर पडतं, आणि ते पडलेलं तुम्हाला पुढची तीन मिनिटं ऐकू येत राहतं. तरीही करायचंच असेल तर विनोद आपल्या पद्धतीवर, आपल्या यंत्रावर, आपल्या गृहीतकावर करा. हशा आला नाही तरी वाक्याला माहिती म्हणून किंमत उरेल, असंच वाक्य निवडा. "हा सेन्सर पाऊस पडला की बंद पडायचा, म्हणून पावसाळ्यातली नोंद नाही" हे हशा आला तरी कामाचं, नाही आला तरी कामाचं.

सादरीकरण ऑनलाइन असेल तर हशाची वाटच पाहू नका. सगळ्यांचे माइक बंद असतात. खोलीत एकाचं हसू दुसऱ्याला लागतं, तो मार्गच तिथे नसतो. चॅटमध्ये हसरा चेहरा येतो तो तुम्ही पुढच्या स्लाइडवर गेल्यावर. शांत पडद्यावरून काहीही अनुमान काढू नका.

पायरी ८ : रेकॉर्डिंग ऐका, पण दोन दिवसांनी

त्याच रात्री ऐकलंत तर भीतीच ऐकू येईल. दोन दिवस जाऊ द्या. मग एका कागदावर चार रकाने आखा: वेळ, आधीचं वाक्य, हसू कसं होतं, आणि त्याच जागेवर नंतर प्रश्न आला का. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. हशा आणि प्रश्न एकाच जागी पडले, तर तुमच्या कामाचा जिवंत भाग तिथे आहे. हशा आला पण प्रश्न नाही, तर ते बहुधा सौजन्य किंवा सुटका होती. प्रश्न आला पण हशा नाही, तर ती जागा नीट समजावून सांगायला हवी होती.

सभागृहात बसलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसालाही विचारा, शक्यतो तुमच्या विषयाबाहेरच्या. "लोक का हसले?" असं मोघम विचारू नका. "सहाव्या स्लाइडवर तुम्ही हसलात का, आणि का?" असं विचारा.

आमच्या विद्यार्थिनीने रेकॉर्डिंग ऐकलं ते तब्बल आठवड्याने, माझ्या टेबलाशी बसून. हशाची जागा तिने तीनदा मागे-पुढे केली. आधी डावीकडून एक पुरुषी आवाज, लगेच मागून दोन-तीन, मग पसरलेली खसखस, एकूण जेमतेम दोन सेकंद. तिसऱ्यांदा ऐकताना तिला हशाच्या खाली दबलेलं काहीतरी ऐकू आलं. आवाज वाढवला. पहिल्या रांगेतलं कोणीतरी शेजाऱ्याला हळूच म्हणत होतं, "आमच्याकडेही अगदी अस्साच होता." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग कागदाच्या चौथ्या रकान्यात तिने लिहिलं: प्रश्न आला असता, मी थांबले नाही. पुढच्या परिषदेसाठी तिने त्या बिंदूला स्वतंत्र स्लाइड दिली आणि भाषणाच्या कागदावर त्या ओळीपुढे कंसात लिहून ठेवलं: (इथे ३ सेकंद).